घरच्या रेकॉर्डिंगमुळे गाणं सोपं झालं, की संपेनासं झालं?

कोमल_निषाद

एक गाणं गेली तीन वर्षं करतोय. अजून झालेलं नाही.

चाल सुचली त्या रात्री मुखडा आणि एक अंतरा मोबाइलवर गुणगुणून ठेवला होता. पंधरा मिनिटांचं काम. ती नोंद अजून आहे, मागे पंख्याची घरघर आहे. मग सॉफ्टवेअर आलं, माइकचा आवाज संगणकात नेणारा ऑडिओ इंटरफेस आला, कंडेन्सर माइक आला. आज त्या प्रोजेक्टमध्ये ७४ ट्रॅक, म्हणजे एकावर एक चढवलेले ७४ सुटे आवाज, आहेत. नुसत्या मुखड्याचे ४१ टेक, म्हणजे पुन्हापुन्हा गायलेल्या आवृत्त्या, राखून ठेवलेत. बेस चार प्रकारचे आहेत, कारण चारही बरे वाटतात. एक ओळ तर शब्दाशब्दाने वेगवेगळ्या टेकमधून जोडली आहे.

काल ती मोबाइलवरची नोंद सहज लावली आणि अंगावर काटा आला. ७४ ट्रॅकवालं ऐकताना तसं एकदाही झालेलं नाही.

म्हणून विचारतो. हातात आलेल्या या स्वस्त, काही तर चक्क फुकट, सॉफ्टवेअरने संगीत करण्याचं नेमकं काय बदललं? मला वाटू लागलंय की अमर्याद ट्रॅक आणि अमर्याद 'अनडू' यांनी ठरवण्याची सवयच मोडली. तुमचा अनुभव काय?

कानसेन

७४ ट्रॅक? हे गाणं आहे की रेल्वेचं जंक्शन? :)

खुर्ची टाकून बसलोय, जाणकार येऊ देत.

बीटकर

विषय आवडीचा आहे, पण 'सॉफ्टवेअरने बिघडवलं' हा सूर पटत नाही. हे एका रात्रीत घडलेलं नाही. टॅस्कॅमचं पोर्टास्टुडिओ १४४ हे साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं यंत्र १९७९चं. घरी बसून एकावर एक थर चढवणं तिथून सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं. १९८३मध्ये मिडी आलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांशी बोलायला लागले. १९९६मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी, म्हणजे इफेक्टची यंत्रं सॉफ्टवेअर म्हणून जोडायची सोय, आणली आणि रॅकभर खोकी संगणकाच्या आत गेली. २००० साली ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळू लागलं, २००४मध्ये अ‍ॅपलचं गॅरेजबँड आलं. प्रत्येक पायरीवर कुणीतरी म्हणालंच असणार की आता संगीत संपलं.

आणि त्या चार ट्रॅकच्या यंत्राचं काय झालं बघा. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२च्या सुरुवातीला घरी त्याच पोर्टास्टुडिओवर गाणी उतरवली, शुअर एसएम ५७चे दोन माइक लावून. ती खरं तर बँडला ऐकवण्यासाठीची कच्ची नोंद होती. नंतर बँडबरोबर स्टुडिओत करून पाहिली, मनासारखी झाली नाहीत, आणि शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली. तुमच्या मोबाइलवरच्या पंख्यासारखीच गोष्ट आहे ही.

कोमल_निषाद

@बीटकर, उदाहरण भारी आहे. पण ते माझ्याच बाजूचं नाही का? त्याच्याकडे ट्रॅकच चार होते!

टेपवाला

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी बावीस वर्षं स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होतो. तो स्टुडिओ आता बंद आहे.

दोन इंच रुंदीच्या टेपवर चोवीस ट्रॅक असायचे. २५०० फुटांचं रीळ ३० इंच प्रति सेकंद या वेगाने सोळा-सतरा मिनिटांत संपायचं. गायिका ओळ गायची, चांगली गायची, पण एका शब्दावर सूर किंचित उतरलेला असायचा. मग मी काचेपलीकडून विचारायचो, "वरून घ्यायचं?" त्या 'वरून'चा अर्थ आधीचं पुसलं जाणार. बटण दाबलं की गेलं. त्या दोन सेकंदांत ती डोळे मिटून विचार करायची. कधी म्हणायची, "राहू द्या, तो शब्द तसाच बरा आहे." ते दोन सेकंद मला गाण्याचा भाग वाटतात. तेवढ्यात ती स्वतःचं गाणं पहिल्यांदा बाहेरून ऐकत असे.

काटछाट करायची तर मेणाच्या पेन्सिलीने टेपवर खूण करायची, पातं तिरकं धरून कापायचं आणि चिकटपट्टी लावायची. पहिल्यांदा कापलं तेव्हा माझ्या हाताला सुटलेला घाम मला आजही आठवतो.

पण हेही सांगतो, मला ते दिवस परत नकोत. रोज सकाळी स्पिरिटने हेड पुसा, अलाइनमेंट करा, आणि तरी टेपची सळसळ होतीच. आज घरी मी सॉफ्टवेअरवरच काम करतो आणि अनडूचं बटण मला प्रिय आहे. गेलं ते यंत्र नव्हे. "वरून घ्यायचं?" असं विचारणारा काचेपलीकडचा माणूस गेला.

नवशिका

टेपवाला काका, अजून लिहा ना. वाचनखूण साठवली.

रात्रराणी

मला थोडं वेगळं म्हणायचंय, आणि जरा जोरात म्हणायचंय.

अमर्याद टेक वाईट, मर्यादा चांगल्या, हे सगळं ज्यांना स्टुडिओचं दार उघडं होतं त्यांनी म्हणावं. माझ्या वाट्याला मर्यादाच होत्या. शिकलेलं गाणं लग्नानंतर दहा वर्षं गळ्यातच राहिलं. तासावर भाडं मोजून, अनोळखी चार लोकांसमोर, पहिल्या तासाभरात गळा गरम करून उत्तम गायचं, हे मला कधीच जमलं नसतं. मी रात्री अकरा ते एक रेकॉर्ड करते. लेक झोपली की कपड्यांचं कपाट उघडते, दोन्ही दारांवर रजया टाकते आणि आत तोंड करून गाते. फ्रिजची घुमघुम माइकमध्ये येते म्हणून तो तेवढा वेळ बंद. पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी बाहेर पडताना ती लागतेच.

माझ्या पहिल्या गाण्याचे साठ टेक झाले असतील. पहिले तीस निव्वळ भीती जाण्यात गेले. ती भीती घालवायला मला दुसरी कुठली जागा होती? 'ठरवण्याची सवय मोडली' म्हणता तेव्हा माझ्यासारखीला ठरवण्याची संधीच पहिल्यांदा मिळाली, हेही त्याच वाक्यात लिहा.

टेपवाला

रात्रराणी ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी काचेच्या एकाच बाजूने लिहिलं. स्टुडिओत पाय ठेवल्यावर आवाज थरथरणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. आम्ही त्यांना 'अजून तयार नाही' म्हणून परत पाठवायचो. तयार व्हायला जागा कुठे होती, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही.

स्पर्शलिपी

रात्रराणींना +१, वेगळ्या कारणासाठी.

मला दिसत नाही. स्टुडिओत वाजवायला जायचो तेव्हा मिक्सिंगच्या वेळी (सगळ्या ट्रॅकचा मेळ घालताना) मागे बसून सांगावं लागायचं, "बासरी जरा मागे घ्या, अजून थोडी, नाही, जास्त झाली." हात दुसऱ्याचा, कान माझे. आता रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, त्यावर ओसारा नावाचं एक्स्टेन्शन आहे आणि एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर. कोणता ट्रॅक, किती डेसिबल, कर्सर कितव्या मात्रेवर, सगळं बोलून सांगतो. पहिल्यांदा एका बासरीच्या दोन फुंकरींमधली नको असलेला 'खट्' आवाज स्वतः कापला, तेव्हा मी ती जागा वीस वेळा ऐकली असेल.

तक्रारही आहे. पुष्कळ प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधनं) म्हणजे नुसतं चित्र असतं. बटणांना नावं नसल्याने स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही. त्यामुळे कुठला कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारं साधन) चांगला हे मी आवाजावरून ठरवू शकत नाही, कुठला वाचता येतो त्यावरून ठरवावं लागतं. प्लगइन बनवणारा कुणी हे वाचत असेल तर कृपया बटणांना नावं द्या. काम लहान आहे.

शून्य_डीबी

माझा मुद्दा कोरडा आहे, पण महत्त्वाचा आहे. सॉफ्टवेअर स्वस्त झालं, खोली स्वस्त झाली नाही.

घरी करून बघा. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटर अंतर असेल तर ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद धरून पहिली अनुनाद-कंप्रता येते साधारण ५७ हर्ट्झ. सॉफ्टवेअरमधून ५७ हर्ट्झचा सूर काढा, स्पीकर एका भिंतीजवळ ठेवा आणि त्या भिंतीकडून समोरच्या भिंतीकडे चालत जा. भिंतीशी तो सूर छातीत घुमेल. बरोबर मध्यावर आलात की जवळजवळ नाहीसा होईल. पुढे चाललात की परत येईल. आणि बहुतेकांचं टेबल-खुर्ची असते कुठे? मध्याच्या आसपास. मग बेस ऐकू येत नाही म्हणून माणूस तो वाढवत राहतो आणि गाणं दुसरीकडे वाजलं की नुसता धबधबा.

कोमल_निषाद, तुमचे 'चारही बरे वाटणारे' बेस या जातीचे असू शकतात. तुम्ही चार बेस ऐकत नसून चार वेळा तीच खोली ऐकताय.

आणखी एक. भिंतीला पातळ फोम चिकटवून हे जात नाही. ५७ हर्ट्झची तरंगलांबी सहा मीटर आहे, बोटभर फोम तिला दिसतसुद्धा नाही. फोम वरचे सूर खातो आणि खोली बोदी होते. कोपऱ्यांत जाड रॉकवूल लावलं तर फरक पडतो, खुर्ची मध्यापासून हलवली तर फुकटात पडतो.

कोमल_निषाद

आत्ता करून आलो. खरंच नाहीसा होतो! माझी खुर्ची अगदी त्या खड्ड्यात आहे. तीन वर्षं मी तिथे बसलोय.

कानसेन

मी वाजवत नाही, गात नाही, फक्त ऐकतो. ऐकणाऱ्याच्या बाजूने सांगतो. हल्ली नवीन काही लावलं की दहातल्या सहा गाण्यांत तोच टाळीचा आवाज, तेच पॅड (मागे पसरलेले लांब सूर), आणि पहिल्या सेकंदापासून सगळं छातीवर बसलेलं. कुठे हळू होणं नाही. हे सॉफ्टवेअरसोबत आयते येणाऱ्या लूपमुळे, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तयार तुकड्यांमुळे, होतं का?

बीटकर

होतं, थोडं. सगळ्यांना एकच पेटी दिली की पेटीत वरवर ठेवलेलं सगळेच उचलणार. मीही सुरुवात तयार लूप ओढून केली आणि त्याची लाज वाटत नाही. आठव्या इयत्तेतल्या मुलाला ताल म्हणजे काय, किकवर (ड्रमच्या जाड ठोक्यावर) बेस कसा बसतो, हे त्या लूपनीच शिकवलं. पुढे मी दरवाजा आपटल्याचा, डब्यात तांदूळ हलवल्याचा आवाज घेऊन स्वतःचे तुकडे बनवायला लागलो. सगळेच तिथवर जात नाहीत, हे मात्र खरं.

'छातीवर बसलेलं' हा वेगळा आजार. मोठ्या आवाजाच्या स्पर्धेत लिमिटरवर, म्हणजे आवाजाची शिखरं दाबणाऱ्या साधनावर, गाणं चेपायचं. आता त्याचा उपयोगही उरलेला नाही, कारण स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं. तुम्ही कितीही चेपा, ते आवाज खाली आणणारच. मग चेपलेलं गाणं इतरांइतक्याच आवाजात वाजतं, फक्त चपटं वाजतं. हे कळल्यापासून मी हळू जागा हळूच ठेवतो.

शून्य_डीबी

+१. आणि रेकॉर्ड करतानाही लाल दिव्यापर्यंत नेऊ नका. १६ बिटला सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजाचा सैद्धांतिक पल्ला ९६ डेसिबल, २४ बिटला १४४. शिखर उणे १२ डेसिबलवर राहिलं तरी काही बिघडत नाही. टेपच्या काळात सळसळीच्या वर राहायला गरम रेकॉर्ड करायचे, ती सवय विनाकारण चालू आहे.

तिरकिट

मी तबला वाजवतो, तालवाद्यांची इतर कामंही करतो. माझं आयुष्य या सॉफ्टवेअरने सरळ दोन तुकड्यांत कापलं आहे.

आधी: स्टुडिओत सगळे एकत्र. व्हायोलिनवाला समोर, गायक बूथमध्ये. गायकाने मान किंचित तिरकी केली की मला कळायचं, आता समेवर जरा थांबून येणार. मी थांबायचो.

आता: एक फाइल येते, सोबत क्लिक (लय धरायची टिकटिक) आणि एक ओळ, "१०२ बीपीएम, अंतऱ्यात भरगच्च हवं." बीपीएम म्हणजे मिनिटाला ठोके. कोण गातंय माहीत नसतं, कधीकधी गायन झालेलंच नसतं. मी घरी वाजवतो, पाठवतो, पैसे येतात. काम आधीपेक्षा जास्त आहे, खोटं कशाला बोलू. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसासाठी वाजवलंय, ते आधी शक्यच नव्हतं. पण मान तिरकी झालेली दिसत नाही.

तांत्रिक बोलायचं तर बफर (संगणक एका वेळी धरून ठेवतो तेवढे आवाजाचे नमुने) १०२४ ठेवून वाजवायला बसू नका. ४४.१ किलोहर्ट्झला तो एका बाजूचाच २३ मिलिसेकंद होतो, जाऊन-येऊन ४६च्या वर. १२० बीपीएमला सोळाव्या हिश्शाचा बोल १२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उशीर. चाटीवर पडलेलं बोट कानात नंतर येतं आणि हात गोंधळतो. वाजवताना बफर १२८, किंवा इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे संगणकात न जाता स्वतःचा आवाज थेट कानात. मिक्सिंगला बसलात की वाढवा.

रात्रराणी

डायरेक्ट मॉनिटरिंगचं मला वर्षभर माहीत नव्हतं. वर्षभर मी माझ्याच आवाजाच्या मागे गात होते आणि समजत होते की माझी लय कच्ची आहे. नवीन लोकांनी तिरकिट यांचा हा परिच्छेद आधी वाचा.

नवशिका

अवांतर प्रश्न. क्लिकवरच गायला हवं का? मला क्लिक लावला की गाणं कवायतीसारखं होतं.

तिरकिट

नाही. आधी क्लिकशिवाय गा, गिटार किंवा पेटी स्वतः धरून. मग प्रत्येक समेवर खूण करून सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो मॅप बनवा. ग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघा, तुमच्या लयीला चिकटते, तुम्ही ग्रिडला नाही. तासाभराचं किचकट काम आहे, पण अंतऱ्याआधी जे नकळत अर्धा श्वास हळू होतं ते टिकतं. पुढे जो कुणी साथ देईल त्यालाही ते ऐकू जातं. मला अशी फाइल आली की मी खूश असतो, त्यात माणसाची मान दिसते.

बीटकर

मूळ मुद्द्यावर येतो. टेपवाला काकांच्या 'काचेपलीकडच्या माणसा'वर दोन दिवस विचार करत होतो, कारण मला वाटायचं बेडरूममध्ये सगळं एकट्याने होतं. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकन गायिका बिली आयलिशचा २०१९चा पहिला अल्बम. भाऊ फिनियसच्या छोट्या बेडरूममध्ये, लॉजिक प्रो या सॉफ्टवेअरवर केलेला, २०२०च्या ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला. 'बघा, घरी होतं' म्हणून आपण सगळे तोच दाखला देतो. पण मिक्सिंग रॉब किनेल्स्की यांचं आहे आणि मास्टरिंग (शेवटचा हात) जॉन ग्रीनहॅम यांचं. आणि खोलीत तरी एकटं कोण होतं? बहीण गात होती, भाऊ ऐकत होता. म्हणजे काच नव्हती, पण काचेपलीकडचा माणूस होताच.

कोमल_निषाद, हे ७४ ट्रॅक तुमच्याशिवाय आजवर कुणी ऐकलेत?

कोमल_निषाद

नाही. कुणीच नाही. 'जरा नीट झालं की ऐकवू' असं करत तीन वर्षं गेली.

टेपवाला

मला पाठवा. मिक्स नको, सुटे ट्रॅक पाठवा. आणि ती पंख्यावाली नोंदही.

कोमल_निषाद

काका, पाठवलं.

स्पर्शलिपी

काय झालं ते इथे लिहा हं. अर्ध्यावर सोडू नका.

कोमल_निषाद

नऊ दिवसांनी लिहितोय.

काकांनी फोनवरच सगळं बंद करायला लावलं. ७४च्या ७४ म्यूट. मग म्हणाले, पंख्यावाली नोंद लावा आणि तिच्याबरोबर एकेक ट्रॅक उघडा, ज्याने ती चांगली होते तो ठेवा, नाही तो राहू द्या बंदच. तीन तास लागले. अकरा ट्रॅक उरले.

मग त्यांनी एक गोष्ट विचारली. अंतरा संपून मुखड्यावर परत येताना मोबाइलच्या नोंदीत मी दमलेला, चांगला मोठा श्वास घेतो. मोठ्या प्रोजेक्टमध्ये तो नाही. ४१च्या ४१ टेकमधून मी तो साफ कापला होता, 'आवाज स्वच्छ हवा' म्हणून. काका म्हणाले, "तो परत आणा. ती जागा म्हणजे तुमचा मुखडा आहे." कापलेलं मूळ ऑडिओत शाबूत होतं, कडा ओढली तर श्वास परत आला. टेपवर ते कायमचं गेलं असतं. त्यामुळे धागा काढताना अनडूला जो दोष दिला होता तो मागे घेतो.

टेम्पो मॅपही त्या पंख्यावाल्या नोंदीवरूनच केला. अंतऱ्याशेवटी मी चक्क ९६ वरून ९१ वर उतरतो, मला पत्ताच नव्हता. तिरकिट, फाइल तुम्हाला पाठवू का? या वेळी गायन झालेलं आहे.

तिरकिट

पाठवा. गायनाचा ट्रॅक जरा मोठा ठेवा, तो श्वास मला ऐकू आला पाहिजे.

शून्य_डीबी

खुर्ची हलवली का?

कोमल_निषाद

हलवली. साठ सेंटिमीटर मागे. आता चारपैकी दोन बेस सरळसरळ वाईट वाटतायत.